बाबांचं मणक्याचं ऑपरेशन करावं का? आधी चप्पल का निसटते ते पाहू

कोपरखैरण्याहून एका मुलीने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: वडील ५२ वर्षांचे, तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटमध्ये माथाडी. नऊ आठवडे झाले, डाव्या पायात कुल्ल्यापासून पोटरीच्या बाहेरच्या बाजूपर्यंत कळा जातात. एमआरआयमध्ये एल-४ एल-५ ची, म्हणजे कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली गादी डाव्या बाजूला बाहेर आलेली आहे. एक सर्जन म्हणतात, छोट्या छेदातून बाहेर आलेला तुकडा काढू. दुसरे म्हणतात, स्क्रू-रॉड घालून मणके जोडून घ्या, म्हणजे कायमचं काम होईल. गावाहून काकांचा रोज फोन: मणक्याला सुरी लावली की माणूस अंथरुणाला खिळतो. यावर संशोधन काय सांगतं? आणि बाबा पुन्हा पोतं उचलतील का?

रिपोर्टमधल्या ओळी तुम्ही जशाच्या तशा उतरवून पाठवल्यात, आणि अगदी शेवटी, जाता जाता लिहिलंय की हल्ली चालताना बाबांच्या डाव्या पायातली चप्पल निसटते आणि ती मागे राहिल्याचं त्यांना कळत नाही. ते वाक्य मी दोनदा वाचलं. ठाण्यात नौपाड्याला माझी ओपीडी आहे आणि बावीस वर्षं मी फक्त मणक्याचंच काम करतोय. तुमच्या अख्ख्या पत्रात माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची माहिती त्या चपलेची आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

आज रात्री जेवणं झाली की बाबांना घरातल्या घरात टाचांवर दहा पावलं चालायला सांगा, दोन्ही पंजे वर उचलून. डावा पंजा पुन्हा पुन्हा फरशीला लागतो का बघा. मग त्यांना पलंगावर बसवा, दोन्ही पायांचे अंगठे वर उचलायला सांगा आणि तुम्ही बोटाने ते खाली दाबून पाहा. उजवा अंगठा तुमच्या बोटाला दाद देणार नाही. डावा सहज खाली गेला तर त्या नसेची ताकद कमी झाली आहे. एल-४ एल-५ ची गादी डावीकडे निसटली की साधारणपणे एल-५ ही नस दबते. पंजा आणि अंगठा वर उचलणं हे तिचं काम, आणि पावलाच्या वरच्या बाजूची संवेदनाही तिचीच. पंजा पुरता उचलला जात नाही म्हणून चप्पल निसटते, आणि तिथे बधिरपणा आला असेल तर निसटल्याचं कळत नाही.

ही ताकद आम्ही ० ते ५ अशी मोजतो. ५ म्हणजे पूर्ण. ३ म्हणजे पाय स्वतःच्या वजनाविरुद्ध उचलला जातो, पण कोणी थोडं दाबलं की खाली जातो. बाबांचा आकडा ४ आहे की २ आहे, आणि आठवड्याभरात तो घसरतोय का, यावर पुढचं बरंचसं ठरतं. तो आकडा एमआरआयच्या रिपोर्टात नसतो. तो डॉक्टरने पाय हातात घेऊनच काढावा लागतो.

आता संशोधनाबद्दल. मणक्याच्या ऑपरेशनवर मत मांडताना लोक, आणि कधी कधी आम्ही डॉक्टरही, तीन वेगळे प्रश्न एकत्र करतो: पायाचं दुखणं जाईल का, कंबर दुखायची थांबेल का, आणि माणूस कामावर परत जाईल का. या तिन्हींची उत्तरं एकच नाहीत.

आधी एक गोष्ट समजून घ्या, म्हणजे पुढचे आकडे कळतील. आपल्याकडे पाठीत उसण भरली की पायाळू माणसाकडून पाठीला पाय लावून घेतात. माझ्या आजीने लावून घेतला होता आणि ती चार दिवसांत शेतावर गेली. आजी खोटं बोलत नव्हती. पण २०१४ साली ऑस्ट्रेलियात सोळाशेहून अधिक लोकांवर एक चाचणी झाली. कंबर नुकतीच धरलेल्या या लोकांपैकी काहींना पॅरासिटामॉल दिलं, काहींना तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी. औषधवाले मध्यमानाने (म्हणजे निम्मे जण तेवढ्या दिवसांत) १७ दिवसांत बरे झाले आणि बिनऔषधवाले १६. म्हणजे साधी कंबरदुखी बहुतेकांची आपली आपणच उतरते, आणि त्या दिवसांत जे काही केलं असेल त्याला श्रेय मिळतं, मग ते पायाळूचा पाय असो, कमरेचा पट्टा असो वा माझी चिठ्ठी. म्हणूनच ‘ऑपरेशन केलं आणि बरा झाला’ एवढ्यावर काही सिद्ध होत नाही. न केलेल्यांचं काय झालं, ते शेजारी मांडून पाहावं लागतं.

पायाच्या दुखण्याबद्दल अशी तुलना सगळ्यात चांगली झाली आहे. नॉर्वेत वेबर नावाच्या डॉक्टरांनी चिठ्ठ्या टाकून १२६ रुग्णांची दोन गटांत वाटणी केली, एकाचं ऑपरेशन, दुसऱ्याचं बिनऑपरेशनचे उपचार, आणि दहा वर्षं त्यांचा पाठपुरावा केला. १९८३ साली त्यांनी निष्कर्ष छापले: एका वर्षाला ऑपरेशनवाले स्पष्टपणे पुढे होते, चार वर्षांनी अंतर बरंच कमी झालं होतं, दहा वर्षांनी दोघं जवळपास सारखे.

तुमच्या बाबांना सगळ्यात लागू पडणारी चाचणी हॉलंडमधली आहे, लायडेन आणि हेग या शहरांतली, २००७ साली प्रसिद्ध झालेली. तिच्यात २८३ रुग्ण घेतले होते आणि अट अशी की पायाची तीव्र कळ ६ ते १२ आठवड्यांपासून असावी. बाबा नवव्या आठवड्यात आहेत, म्हणजे अगदी त्यांच्यासारख्याच माणसांवरची. एका गटाचं लवकर ऑपरेशन केलं, दुसऱ्याला सांगितलं, थांबू, गोळ्या आणि हालचाल चालू ठेवू, फारच असह्य झालं तर पुढे करू. लवकर ऑपरेशन केलेल्यांना बरं वाटायला मध्यमानाने ४ आठवडे लागले, थांबलेल्यांना १२. थांबलेल्यांपैकी ३९ टक्के लोकांनी वर्षाच्या आत ऑपरेशन करून घेतलंच. पण वर्ष संपताना दोन्ही गटांतले ९५ टक्के लोक म्हणाले, आम्ही बरे आहोत.

ठाण्याच्या माणसाला मी हे लोकलच्या भाषेत सांगतो. सीएसएमटीहून जलद पकडली काय आणि धीमी पकडली काय, ठाण्याला दोन्ही पोहोचतात. जलदवाला लवकर पोहोचतो, आणि धीमीतले काही जण दादरला उतरून जलदमध्ये चढतात. ऑपरेशनचा मुख्य फायदा वेळेचा आहे. दोन महिने कमी तळमळणं हा काही लहान फायदा नव्हे. ज्याला रात्री आडवं होता येत नाही, भिंतीला टेकून झोपावं लागतं, त्याला विचारा.

या चाचणीचं एक कलम मात्र लक्षात ठेवा. ज्यांचा पाय स्वतःच्या वजनाविरुद्धही उचलला जात नव्हता, त्यांना त्यात घेतलंच नव्हतं. सौम्य अशक्तपणा असलेले बरेच होते, आणि त्यांची ताकदही ऑपरेशननंतर लवकर परतली, तरी वर्षअखेर दोन्ही गट सारखेच दिसले. म्हणून बाबांचा आकडा ४ वर स्थिर असेल तर थोडं थांबायला हरकत नाही, असं मी या पुराव्यावरून म्हणू शकतो. तो ३ च्या खाली असेल किंवा दर आठवड्याला उतरत असेल, तर ‘वर्षाने सगळे सारखेच होतात’ हे वाक्य त्यांना लागू होत नाही. अशा पायाला मी थांबवत नाही.

अमेरिकेतली ‘स्पोर्ट’ नावाची चाचणी तुम्ही शोधलीत तर गोंधळायला होईल, म्हणून सांगतो. ११ राज्यांतल्या १३ केंद्रांत ती झाली, आणि गादी निसटलेल्यांचे निकाल २००६ मध्ये आले. ५०१ जणांना चिठ्ठीने वाटलं, पण लोक चिठ्ठीप्रमाणे वागले नाहीत. ऑपरेशनची चिठ्ठी निघालेल्यांपैकी दोन वर्षांत ६० टक्क्यांनीच ते केलं, आणि बिनऑपरेशनची चिठ्ठी असलेल्यांपैकी ४५ टक्क्यांनी करून घेतलं. यात त्यांचा दोष नाही. ज्याचं दुखणं कमी होत जातं तो टेबलावर कशाला चढेल? आणि ज्याचं असह्य होतं त्याला चिठ्ठीचं काय! पण त्यामुळे गट मिसळले. चिठ्ठीप्रमाणे हिशेब केला तर फरक नगण्य येतो, आणि प्रत्यक्षात कोणी काय केलं याप्रमाणे केला तर ऑपरेशन स्पष्टपणे सरस ठरतं. ऑपरेशनच्या बाजूचा माणूस दुसरा हिशेब दाखवतो, विरोधातला पहिला. माझं मत विचाराल तर सत्य मधे आहे आणि डच चाचणी त्याच्या जास्त जवळ जाते.

थांबण्यालाही मर्यादा आहे. कॅनडातल्या एका केंद्रात चार महिने ते वर्षभर पाय दुखत असलेल्या १२८ रुग्णांना असंच वाटलं गेलं (२०२० चा निकाल). सहा महिन्यांनी ऑपरेशनवाल्यांचं पायाचं दुखणं दहापैकी २.८ वर होतं, दुसऱ्यांचं ५.२ वर. तेव्हा ‘अंगावर काढू, गणपती झाले की बघू, दिवाळी झाली की बघू’ असं करत वर्ष घालवू नका. बारा-सोळा आठवड्यांनंतरही कळ तशीच असेल तर आपोआप उतरण्याची आशा कमी होत जाते.

आता दुसरा सल्ला, स्क्रू-रॉडचा. इथे मला ठामपणे बोलायचं आहे. तुम्ही लिहिलंय की पुढे-मागे वाकवून काढलेल्या एक्स-रेत मणका सरकलेला नाही. मग पहिल्यांदाच निसटलेल्या गादीसाठी मणके जोडून टाकण्याची गरज आहे, असं दाखवणारा भक्कम पुरावा नाही. ‘कायमचं काम’ हा शब्द ऐकायला बरा वाटतो, पण एक सांधा गोठवला की त्याचा भार वरच्या-खालच्या सांध्यांवर जातो, रक्तस्राव वाढतो, खर्च कित्येक पटींनी वाढतो. तंबाखू खाणाऱ्या-ओढणाऱ्या माणसात हाड जुळून येण्याची खात्रीही कमी होते. आपल्या मार्केटात तंबाखूची पुडी कोणाच्या खिशात नसते?

मणका सरकलेल्या किंवा मणक्यातली नसांची नळी अरुंद झालेल्या वयस्कर रुग्णांतही स्क्रू नेहमी लागतात असं नाही. या रुग्णांची खूण सांगतो, कारण असे आजी-आजोबा प्रत्येक घरात असतात: तलावपाळीला एक फेरी मारताना दोनदा कट्ट्यावर बसावं लागतं, बसलं की पायातली रग जाते, उठून चाललं की पुन्हा भरते. स्वीडनमध्ये अशा २४७ रुग्णांवर चाचणी झाली. निम्म्यांची फक्त नळी मोकळी केली, निम्म्यांना वर स्क्रूही घातले. २०१६ मध्ये निकाल आला: दोन वर्षांनी दोघं सारखेच, मणका सरकलेले रुग्ण धरूनही. त्याच सुमाराला अमेरिकेतल्या ६६ रुग्णांच्या छोट्या चाचणीत स्क्रूवाले थोडे सरस निघाले. मग नॉर्वेने २६७ सरकलेल्या मणक्यांवर करून पाहिलं आणि २०२१ मध्ये सांगितलं की नुसतं मोकळं करणं कमी पडत नाही. मी स्वतः स्क्रू घालतो. फ्रॅक्चर, क्षयाने पोखरलेला मणका, हलताना खूप सरकणारा मणका यांत ते नसतील तर माणूस उभा राहणार नाही. बाबांच्या एक्स-रेत तसं काही नाही.

नुसत्या कंबरदुखीसाठी मणके जोडण्यावरही तीन देशांनी तपासणी केली. स्वीडनमध्ये (२००१, २९४ रुग्ण) ऑपरेशन नेहमीच्या फिजिओथेरपीपेक्षा बरं ठरलं. पण नॉर्वेत (२००३) आणि ब्रिटनमध्ये (२००५, ३४९ रुग्ण) समोर ठेवलेला उपचार नुसता शेक-मसाज नव्हता. तिथे भीती घालवणारं समुपदेशन आणि रोजचा कसून व्यायाम होता, आणि तेव्हा ऑपरेशनचा फायदा जवळजवळ दिसेनासा झाला. म्हणून माझ्या टेबलावर मी रुग्णाला हात ठेवून दाखवायला सांगतो: शंभर पैसे दुखण्यातले किती कमरेत, किती पायात? बाबा म्हणाले, ‘ऐंशी पायात’, तर तुकडा काढून उपयोग होईल. म्हणाले, ‘ऐंशी कमरेत’, तर एमआरआय कितीही भयंकर दिसो, मी सुरी खाली ठेवतो.

एमआरआय भयंकर दिसतोच. १९९४ साली ज्यांची कंबर अजिबात दुखत नव्हती अशा ९८ माणसांचे एमआरआय काढले होते. निम्म्याहून अधिक जणांची किमान एक गादी फुगलेली होती, आणि २७ टक्क्यांची तर चक्क बाहेर डोकावत होती. २०१५ च्या एका मोठ्या आढाव्यात अशा तीन हजारांवर निरोगी लोकांची माहिती एकत्र केली, तर विशीतल्या ३७ टक्क्यांत आणि ऐंशीतल्या ९६ टक्क्यांत गादीची झीज सापडली. केस पांढरे होतात तसं हे. पण रिक्षात बसल्या बसल्या रिपोर्ट वाचलेला माणूस घरी पोहोचेपर्यंत ‘माझ्या मणक्यात गॅप आलाय’ म्हणून वाकणं सोडून देतो. हा ‘गॅप’ शब्द आपल्या भागात इतका रुजलाय, की तो काढायला मला ऑपरेशनपेक्षा जास्त वेळ लागतो. बाबांच्या बाबतीत एमआरआय, पायातली कळ, आणि ती विशिष्ट नस, तिन्ही एकाच जागेकडे बोट दाखवतात. म्हणून मी तो गंभीरपणे घेतोय.

रिपोर्टमधला तुम्हाला घाबरवणारा शब्द, गादीचा तुकडा ‘तुटून बाहेर पडलेला’, तो एका अर्थी चांगला आहे. बाहेर पडलेला तुकडा शरीराला परका वाटतो आणि पेशी तो खाऊ लागतात. २०१५ च्या दुसऱ्या एका आढाव्यात नुसत्या फुगलेल्या गाद्या १३ टक्के रुग्णांत आकसल्या होत्या, पण तुटून सुटलेले तुकडे ९६ टक्क्यांत.

थांबायचं ठरलं तर त्या काळात काय? पडून राहू नका. बाबांना सहन होईल तेवढं घरात, गॅलरीत, जिन्यापर्यंत चालू द्या. त्यांना प्रेगाबालिन, म्हणजे नसेच्या दुखण्याची गोळी, चालू आहे असं दिसतं. २०१७ च्या ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत ते सायटिकाला, म्हणजे नस दबून पायात जाणाऱ्या अशा कळेला, बिनऔषधाच्या गोळीपेक्षा सरस ठरलं नाही, उलट चक्कर जास्त आली. गुंगी येत असेल तर डॉक्टरांना सांगून ते हळूहळू कमी करा, एकदम बंद करू नका. नसेजवळ द्यायच्या स्टेरॉइड इंजेक्शनचा पर्याय कोणी सुचवलेला दिसत नाही, तो विचारा. ब्रिटनमधल्या ‘नर्व्ह्ज’ चाचणीत (२०२१, १६३ रुग्ण) इंजेक्शन आणि ऑपरेशन असे दोन गट केले होते, आणि १८ आठवड्यांनी दोघांच्या गुणांत म्हणावा असा फरक नव्हता. पाय खूपच अशक्त असेल तर मात्र इंजेक्शनवर वेळ घालवू नये.

या सगळ्या चाचण्यांत ‘बरा झाला’ हे मोजतात कसं, तेही तुम्हाला माहीत असावं, कारण तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिथेच अडतं. सगळ्यात जास्त वापरला जाणारा फॉर्म ऑस्वेस्ट्रीचा, १९८० सालचा. दहा भाग, प्रत्येकी ० ते ५ गुण, मग टक्केवारी. जितके गुण जास्त, तितका माणूस जखडलेला. मी वर्षानुवर्षं हा फॉर्म मराठीत समोर बसून भरून घेतोय, आणि दर वेळी तो आपल्या घरांत बसत नाही असं वाटतं. तो विचारतो, खुर्चीत किती वेळ बसता येतं. आमच्या आजीला खुर्चीशी देणंघेणं नाही. तिला पाटावर बसून देवपूजा करता येते का आणि खालच्या संडासात बसून उठता येतं का, ते हवं आहे. लैंगिक आयुष्याचा भाग जवळजवळ सगळ्या बायका कोरा सोडतात. मग पन्नासऐवजी पंचेचाळीसातून टक्केवारी काढायची, तशी सोय फॉर्ममध्येच आहे. आणि ‘जड वजन उचलता येतं का’ या ओळीवर ऐरोलीच्या आयटी पार्कमधला मुलगा आणि तुमचे बाबा एकाच चौकटीत खूण करतात. त्या मुलाचं जड म्हणजे लॅपटॉपची बॅग आणि वीस लिटरचा पाण्याचा जार. बाबांचं जड म्हणजे पन्नास किलोचं पोतं, दिवसातून कित्येक वेळा.

मी एकदा पहाटे तुर्भ्याला मुद्दाम जाऊन उभा राहिलो होतो. दोन जण पोत्याची टोकं धरतात, तिसरा गुडघ्यांत वाकून पाठ पुढे करतो, पोतं मानेखाली येऊन आदळतं, आणि तो फळीवरून ट्रकात चढतो. फळी पायाखाली लवते. त्या क्षणी तोल सांभाळायला पंजा लागतो. बाबांचा डावा पंजा उचलला जात नसेल तर त्या फळीवर त्यांची पाठ जपण्याआधी त्यांचा पाय जपावा लागेल.

तर, पोतं उचलतील का? ‘स्पोर्ट’च्या चार वर्षांच्या निकालात प्रत्यक्ष उपचारांप्रमाणे हिशेब केल्यावर ऑपरेशनवाले जवळपास प्रत्येक मापात पुढे होते: दुखणं, चालणं, समाधान. एका मापात नाही, कामावर असण्याच्या. तिथे दोन्ही गट सारखेच. ही ओळ मी माथाडी, हमाल, गवंडी, रिक्षावाले यांच्या घरच्यांना नेहमी वाचून दाखवतो, कारण ऑपरेशनचा खर्च ते ‘पुन्हा कामाला लागेल’ या हिशेबाने उभा करतात. तुकडा काढला तरी गादीच्या कडेला भोक राहतं. ती गादी पुन्हा निसटण्याचं प्रमाण अभ्यासांप्रमाणे साधारण ५ ते १५ टक्के. पहिले सहा आठवडे वाकून वजन नाहीच, आणि तीन महिन्यांनी ताकद पाहून हळूहळू चढवत नेता येतं. माझे काही रुग्ण पुन्हा पोत्याखाली गेले आहेत आणि बरे आहेत. पण मी बाबांच्या जागी असतो तर आत्ताच टोळीच्या मुकादमाशी बोललो असतो, की पुढचं वर्ष वजनकाट्याजवळचं, मोजणीचं, गाळ्यावरचं काम मिळेल का. हे बोलणं ऑपरेशनच्या निर्णयाइतकंच महत्त्वाचं आहे, आणि ते कुठल्याच रिपोर्टात लिहिलेलं नसतं.

काकांना माझ्या वतीने एवढं सांगा. मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याजवळच संपतो. एल-४ एल-५ ला नुसत्या नसा असतात, घोड्याच्या शेपटीसारख्या सुट्या. तिथला तुकडा काढताना दोन्ही पाय लुळे पडणं अत्यंत दुर्मीळ. नसेचं आवरण फाटून पाणी येणं, जंतुसंसर्ग, गुठळी हे धोके खरे आहेत आणि सर्जनने ते तोंडावर सांगितलेच पाहिजेत. काकांची भीती मला खोटी वाटत नाही. पूर्वी गावाकडून मुंबईला जे मणक्याच्या ऑपरेशनला आणले जात, त्यांतल्या अनेकांचे पाय क्षयाने किंवा गाठीने आधीच जात चाललेले असत, असा माझा तर्क आहे. गावाने पाहिलं ते एवढंच, की तो गेला चालत आणि आला झोळीत.

क्षयाचं नाव निघालं म्हणून एक माझी चूक सांगतो. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत कोपरीतली एक तरुण मुलगी कंबरदुखी घेऊन आली. मी तिला सहा आठवडे पट्टा आणि गोळ्या दिल्या. तिचं वजन उतरत होतं, संध्याकाळी अंग कोमट लागायचं, रात्री दुखणं वाढायचं. तिच्या आईने हे सांगितलंही होतं, आणि मी ‘कॉलेजची धावपळ’ म्हणून सोडून दिलं. तिला मणक्याचा क्षय होता. औषधांनी ती बरी झाली, पण सहा आठवडे मी वाया घालवले. वर सांगितलेल्या पाश्चात्त्य चाचण्यांत असे रुग्ण दारातच वगळलेले असतात. आपल्याकडे ते ओपीडीच्या रांगेतच बसलेले असतात. म्हणून बाबांना ताप, वजन उतरणं, रात्री कुशीवरही न थांबणारं दुखणं, पूर्वी कॅन्सर असं काही असेल तर वरचे सगळे आकडे बाजूला ठेवून आधी तो तपास.

आणि हे मात्र आजच घरात सगळ्यांना सांगून ठेवा: लघवी तुंबली किंवा नकळत होऊ लागली, शौचाच्या जागेभोवती, जिथे सायकलच्या सीटवर बसतो तिथे, बधिर वाटू लागलं, किंवा दोन्ही पाय एकदम ढिले पडले, तर सकाळची वाट पाहू नका. त्याच रात्री एमआरआय आणि मणक्याचा सर्जन असलेल्या मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा. तिथे थांबायचं की नाही याची चर्चाच नसते.

तसं काही नसेल तर या आठवड्यात बाबांना अशा सर्जनकडे न्या जो बूट-मोजे काढून पायाची ताकद मोजेल आणि आकडा कागदावर लिहून देईल. दहा दिवसांनी तोच पाय पुन्हा मोजून घ्या. आकडा ४ वर टिकला आणि रात्रीची कळ उतरत असेल तर बाराव्या आठवड्यापर्यंत थांबा, इंजेक्शनचा विचार करा. आकडा घसरला, किंवा ३ च्या खाली निघाला, किंवा बाबा म्हणाले की आता सहन होत नाही, तर तुकडा काढून घ्या, स्क्रूशिवाय. पुढे बरं वाटू लागल्यावर त्यांना चालण्याची सवय लावा. ऑस्ट्रेलियातल्या २०२४ च्या चाचणीत कंबरदुखीतून उठलेल्या ७०१ जणांपैकी ज्यांना हळूहळू वाढवत चालायला लावलं, त्यांचं दुखणं मध्यमानाने २०८ दिवसांनी परतलं, बाकीच्यांचं ११२ दिवसांत.

टाचांवर चालताना बाबांचा मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा, मागून आणि बाजूने, चप्पल न घालता. दहा दिवसांनी पुन्हा तसाच काढा. कुठल्याही डॉक्टरकडे जाल तेव्हा एमआरआयची पिशवी उघडण्याआधी ते दोन व्हिडिओ त्यांच्यासमोर ठेवा.